बोट घ्यायची तर आधी जमीन बघा

जुईनगरात राहणाऱ्याने मोटरबोट घ्यायची म्हटली की लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘लॉटरी लागली का?’ आणि ‘ठेवणार कुठे?’ पहिला थट्टेचा. दुसऱ्याचं उत्तर जो खरोखर शोधायला बसतो, त्याची निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

वाशीहून बेलापूरकडे पामबीच रस्त्याने निघालं की उजव्या हाताला तिवरांच्या मागे ठाण्याची खाडी असते. रोजच्या जाण्यायेण्यात ती दिसत राहते आणि हौस तिथूनच लागते. आमची हौस बेताची होती. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन खाडीत फिरावं, हवा बरी असेल तर अटल सेतूखालून घारापुरीच्या बाजूला जावं, दुपारच्या जेवणाला घरी यावं.

त्यासाठी आमच्यापुढे दोन बोटी आल्या. दोन्ही फायबरच्या, दोन्ही ट्रेलरवर घालून मोटारीमागे ओढता येण्याजोग्या. एक १९ फुटी, खोल व्ही आकाराच्या तळाची, पुढे छोटी केबिन, मागे ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ही वापरलेली होती. दुसरी १६ फुटी, उघडी, मधोमध सुकाणू, ४० हॉर्सपॉवरची, कोरी. जुनी-नवी असल्यामुळे किंमत जवळजवळ सारखीच. घरात त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं पडली आणि बैठका सुरू झाल्या. त्या निवडीत आणि नंतरच्या वापरात जे पदरी पडलं, ते असं.

१. ठेवायची जागा फीत लावून मोजा

विकणारा ‘१९ फूट’ म्हणतो ते फक्त बोटीबद्दल. ट्रेलरचा पुढचा दांडा आणि मागे लटकणारं इंजिन धरलं की थोरली २४ फुटांवर गेली, धाकटी २० वर. सोसायटीत गाडीसाठी आखलेला चौकोन साधारण पाच मीटरचा, म्हणजे सोळा-साडेसोळा फुटांचा. त्यात दोन्ही बसत नाहीत. आणि बसली असती तरी बोट हे वाहन की अडगळ, यावर सर्वसाधारण सभेत एकमत व्हायला आमची हयात गेली असती.

जागा मिळाली ती बेलापूर गावात, मावसभावाच्या अंगणात. फाटक दहा फुटी, आत सरळ लांबी २१ फूट, त्याच्या पुढे तुळशीवृंदावन. थोरली आत घ्यायची तर वृंदावन हलवावं लागणार होतं. मावशीने विषय एका वाक्यात संपवला. ‘‘बोट बाहेर राहील, तुळस राहणार नाही.’’

दिवाळे गावचे एक तांडेलकाका आमच्या ओळखीचे. त्यांना दोन्ही बोटींचे फोटो दाखवले. त्यांनी वेगही विचारला नाही आणि किंमतही. म्हणाले, ‘‘दादा, तुमची होरी पान्यान किती दिस रेल, त्याचा आधी इचार करा.’’ हिशेब मांडला. पावसाळ्याचे तीन-चार महिने बंद. उरलेल्या महिन्यांत सुट्ट्या, त्यातही भरती सोयीची, हवा शांत आणि घरात लग्नकार्य नाही असे दिवस. वर्षाचा बहुतेक काळ बोट अंगणातच. पुढचे सगळे धडे या हिशेबातून निघाले.

२. वजनाची बेरीज स्वतः करा

माहितीपत्रकात रिकाम्या बोटीचं वजन असतं. रिकामी बोट कुणी ओढत नाही. थोरलीचा सांगाडा ७०० किलो, इंजिन १६५, टाकीतलं १२० लिटर पेट्रोल ९०, बॅटरी-नांगर-दोर-जॅकेटं मिळून ६०, ट्रेलर ३५०. झाले १,३६५ किलो. धाकटीच्या सांगाड्याचे ३५०, इंजिनाचे १००, ५० लिटर पेट्रोलचे ३८, सामानाचे ४०, ट्रेलरचे २००. झाले ७२८.

हे आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघायचे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडाच नसतो, आणि नसेल तर ‘चालेल’ असा अर्थ काढू नये. दुकानदार हूक लावून देईल, पण हुकाची ताकद म्हणजे गाडीच्या ब्रेकची ताकद नव्हे. सायन-पनवेल रस्त्यावर पुढच्याने अचानक ब्रेक मारला की मागचे तेराशे किलो आपल्याला ढकलतात. इतक्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच.

आणखी एक मोजमाप लोक विसरतात. ट्रेलरच्या दांड्यावर, म्हणजे हुकावर येणारा भार एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो, जास्त झाला की गाडीचं नाक वर होतं. बोट ट्रेलरवर थोडी पुढे-मागे सरकवून हा भार जुळवता येतो. धाकटीचा दांडा मी आणि भाचा मिळून हाताने उचलतो आणि हुकावर ठेवतो. थोरलीला त्यासाठी जॅक लागायचा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो, तेव्हा त्याला आरटीओची नोंदणी लागते. बोटीसोबत ट्रेलर फुकट मिळतोय म्हणून आनंद मानण्याआधी त्याचे कागद मागा.

३. बोट पाण्यात कशी उतरेल, ते तिथीला विचारा

मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच्या जेमतेम निम्मं. नकाशावर निळी दिसणारी खाडी दिवसातून दोनदा चिखल होते, आणि तोही साधा चिखल नव्हे. पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल ठेवून घेतो.

भरतीचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात. पण कोकणातला जुना हिशेब अजून बिनचूक चालतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. खाडीत आत जावं तसं थोडं उशिरा धरायचं.

आता याचा सहलीशी मेळ घाला. रविवारी पौर्णिमेच्या आसपासची तिथी असेल तर सकाळी नऊला चढत्या पाण्यावर बोट सोडा, दीड-दोनला अजून पाणी असतानाच वर काढा. झकास दिवस. रविवारी अष्टमी आली की दुपारी बारा हीच ऐन ओहोटी. मग एक तर सकाळी सहाला सोडून संध्याकाळी सहालाच परत, नाही तर घरी बसा. आमच्याकडे सुट्टीचा बेत आखताना आता आई कालनिर्णय उघडते आणि मुलगी मोबाइल. दोघींचं उत्तर सहसा जुळतं.

दोन बोटींतला फरक इथे उघडा पडतो. इंजिन खाली सोडल्यावर थोरलीला तरंगायला पावणेतीन फूट पाणी लागायचं, धाकटीला दोन. पाऊण फूट किरकोळ वाटतो. पण उतरत्या पाण्यात तो अर्ध्या तासाचा खेळ असतो, आणि अर्धा तास चुकला तर पाणी परत चढेपर्यंत वाट बघा.

उतारावर शेवाळ असतं हेही लक्षात ठेवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशा उतारावर वजनदार ट्रेलर ओढताना जागेवरच चाकं फिरवते, कारण भार सगळा मागे गेलेला असतो. थोरली घ्यायची तर आम्हाला आधी गाडी बदलावी लागणार होती. बोटीच्या किमतीत गाडीची किंमत कुणी धरत नाही.

४. चाचणी दुपारी घ्या

विकणारा नेहमी सकाळी बोलावतो. सकाळी खाडी थाळीत ओतलेल्या पाण्यासारखी सपाट असते, त्यात लाकडाचा ओंडकाही छान पळेल. आम्ही दोन्ही चाचण्या दुपारी तीनच्या मागून घेतल्या. फेब्रुवारी ते मे या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा समुद्री वारा जोर धरतो. वारा एकीकडून आणि पाण्याची ओढ समोरून अशी गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा उठतात. अटल सेतूच्या आसपासच्या उघड्या पाण्यात त्या चांगल्याच जाणवतात.

तिथे थोरलीने मान मिळवला. खोल व्ही तळ लाटा कापत गेला आणि आम्ही कोरडे राहिलो. धाकटीचा तळ उथळ. प्रत्येक लाटेवर तो आपटत होता, मणक्याला दणके आणि तोंडावर खारं पाणी. वेग निम्मा केल्यावर मंडळी बोलायच्या स्थितीत आली.

पण बोट थांबवल्यावर पारडं फिरलं. खोल तळाची बोट उभी असताना डुलते. मुलं एका बाजूला कासव दिसतं का बघायला धावली आणि थोरली अशी कलली की बायकोने दोन्ही हातांनी कठडा धरला. धाकटी तशाच गर्दीत जेमतेम हलली. तळ जितका सपाट तितकी उभ्या बोटीला स्थिरता जास्त, आणि कमी ताकदीच्या इंजिनावर ती लवकर पाण्यावर उचलली जाते. तळ जितका खोल तितका लाटेतला प्रवास सुखाचा, आणि इंजिन मोठं. दोन्ही गुण एका तळात देतो म्हणणाऱ्याकडे जरा बारकाईने बघावं.

मग प्रश्न एवढाच उरतो: आपण बहुतेक वेळ कुठल्या पाण्यात असणार? आम्ही खाडीतले, सकाळचे, थांबत-थांबत जाणारे. धाकटी घ्यायची तर दुपारच्या वाऱ्याआधी परतायचं हा नियम सोबत घ्यावा लागणार होता. तो आम्ही घेतला आणि पाळतो.

५. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला चढवून बघा

बोट मला आवडून उपयोग नव्हता. आईचे गुडघे सत्तरी ओलांडलेले. आम्ही तिला ओहोटीच्या वेळी जेट्टीवर नेलं. पाणी उतरलं की जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर हिरवं शेवाळ आणि कडेला कालवं, ज्यांची धार ब्लेडसारखी लागते. थोरलीचा काठ उंच. चढल्यावर केबिनच्या बाजूच्या वीतभर पट्टीवरून मागे जायचं. आई अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, ‘‘मी इथूनच तुम्हाला टाटा करते.’’ धाकटीचा पुढचा भाग उघडा आणि खाली. एका हाताला भाचा, दुसऱ्या हाताला मी, आणि ती सरळ बाकावर.

बायकोचा मुद्दा मात्र थोरलीच्या बाजूचा होता आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ‘‘चार तास पाण्यावर. पुरुषांचं ठीक आहे. आम्ही काय करायचं?’’ थोरलीच्या केबिनमध्ये दार लावता येत होतं आणि सुटा संडास ठेवायला जागा होती. धाकटीवर आडोसा नावालाही नाही. बोटींची मासिकं वेगाबद्दल पानं भरतात, कुटुंबाची सहल किती तासांची होईल हे मात्र या एका गोष्टीवर ठरतं. आम्ही सहल अडीच तासांच्या आत ठेवायची किंवा मधे जमिनीवर थांबायचं असं ठरवलं, तेव्हाच धाकटीचं नाव यादीत राहिलं. वर एक कापडी छत मात्र लगेच बसवून घेतलं. मार्चनंतर उघड्या बोटीत अकराचं ऊन माणसाला माणसात ठेवत नाही.

६. पाणी भरलं तर तरंगेल का, हे विचारायला लाजू नका

अमेरिकेतल्या बोस्टन व्हेलर या बोटींचा निर्माता डिक फिशर याची १९६१ साली ‘लाइफ’ मासिकात छायाचित्रं आली होती. तरंगती बोट करवतीने मधोमध कापली आणि इंजिन असलेल्या अर्ध्या भागावर बसून तो निघून गेला. जाहिरातच होती, पण मुद्दा पक्का होता. बाहेरचा सांगाडा आणि आतला डेक यांच्यामध्ये बंद पेशींचा फोम भरला असेल तर बोट पाण्याने भरते, बुडत नाही. छोट्या बोटीला धरून राहता येणं हाच मोठा आधार.

म्हणून विचारा: फोम आहे का, किती, कुठे. ‘सगळीकडे आहे’ हे उत्तर नव्हे. तपासणीचं झाकण उघडायला लावा आणि बोट घालून बघा.

बोटीइतकंच माणसानेही तरंगायला हवं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. दिवसाढवळ्या, शांत पाण्यात, रोजच्या वाटेवर. त्यानंतर तिथल्या प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आमच्याकडे नियम त्याहून कडक: जॅकेट जेट्टीवर चढवायचं, बोटीत बसल्यावर नाही. मुलांची जॅकेटं मुलांच्या मापाची, पायांमधून पट्टा असलेली. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.

आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-स्विचची लाल दोरी. तो पाण्यात पडला की इंजिन त्याच क्षणी बंद होतं. नाही तर बिनमाणसाची बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

७. जुनी बोट कानाने तपासा, मग काट्यावर चढवा

आउटबोर्ड ज्या मागच्या उभ्या फळीवर टांगलेलं असतं ती जुन्या बोटीचा मर्मभाग. बाहेरून फायबर, आत बहुधा प्लायवूड. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वर रंग मारला की डोळ्याला काही दिसत नाही. तांडेलकाकांनी थोरलीच्या फळीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ वरपासून खालपर्यंत ठोकत नेली. वर ठक्‌, ठक्‌, ठक्‌. खालच्या बोल्टांपाशी आवाज बसला. मग त्यांनी इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवलं. फळी आणि बोटीचा सांधा केसभर उघडला आणि मिटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, विकणाऱ्याने आकाशाकडे.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. जुना फोम पाणी शोषतो आणि ते पाणी बाहेर पडत नाही. तुर्भ्याच्या बाजाराच्या आसपास ट्रकांचे वजनकाटे आहेतच. थोरली ट्रेलरसकट काट्यावर घेतली. आमच्या बेरजेपेक्षा शंभर किलोहून जास्त भरली. हे जास्तीचं वजन म्हणजे तळात मुरलेलं पाणी. हेच पाणी पुढे गाडीने ओढायचं, इंजिनाने ढकलायचं आणि पेट्रोलने पोसायचं. काट्याची पावती नाममात्र पैशांत मिळते आणि तीच घासाघीस करते, आपल्याला तोंड उघडावं लागत नाही.

८. इंजिन मेकॅनिकच्या ओळखीचं असावं

ताकद, रंग, कंपनी यांवर घरात बरीच चर्चा झाली. निकाल लागला तो वेगळ्याच कसोटीवर: हे इंजिन बिघडलं तर शनिवारी संध्याकाळी कोण उघडेल? कोळीवाड्यातल्या मेकॅनिकांना जी इंजिनं रोज हाताळावी लागतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि त्यांच्या खोडी सगळ्यांना पाठ असतात. परदेशी मासिकात पहिला नंबर मिळवणारं इंजिन इथे गॅस्केटसाठी महिनाभर बसून राहू शकतं.

आपल्या खाडीचं पाणी म्हणजे गाळ. इंजिन थंड ठेवणारं पाणी याच गाळातून ओढलं जातं आणि पंपातलं रबराचं इम्पेलर झिजतं. ते हंगामाच्या सुरुवातीला बघायचं, शंका असेल तर बदलायचं. दुसरा शत्रू प्लॅस्टिकची पिशवी. ती पाणी ओढायच्या जाळीला चिकटते आणि इंजिन तापल्याचा भोंगा वाजतो. मागून पिचकारीसारखी पडणारी पाण्याची धार चालू आहे ना, हे बघायचं काम आमच्या मुलीकडे आहे. धार बारीक झाली की ती ओरडते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुणं हे टाळायचं काम नव्हे. जाळीवर दोन रबरी कप बसवायचे, बागेची नळी जोडायची, नळ सोडायचा, मग इंजिन चालू करायचं. दहा मिनिटं. याच वेळी ट्रेलरची चाकं, ब्रेक आणि बेअरिंगवरही पाणी मारायचं. खाऱ्या पाण्यात बुडणारं बेअरिंग ग्रीसशिवाय एका हंगामात गंजतं आणि ते मोडतं नेहमी हायवेवर.

९. पेट्रोलचे तीन वाटे

ढोबळ हिशेब असा: पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण जोरात असताना तासाला हॉर्सपॉवरच्या दहाव्या हिश्श्याइतके अमेरिकन गॅलन पितं. म्हणजे ९० ला तासाला साधारण ३४ लिटर, ४० ला १५. बेताच्या वेगात निम्म्याच्या आसपास. पेट्रोलचा दर शंभरीपार गेल्यापासून हा हिशेब बायकोच करते. टाकीचा एक वाटा जायला, एक यायला, एक राखीव. राखीव वाट्याला हात लावला तर सहल लांबली असं समजायचं.

नव्या काळातली भानगड इथेनॉलची. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीत फार दिवस राहिलं की पाण्यासकट तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी पितं. घेण्यापूर्वी त्या मॉडेलची मर्यादा लेखी विचारा. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. जुनं पेट्रोल चार महिने ओल्या हवेत ठेवायची जागा बोटीची टाकी नव्हे.

१०. कागद बोटीआधी

यंत्रावर चालणाऱ्या बोटींसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. सर्वेक्षण, नोंदणी, विमा हे त्यात आलंच. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत. जुनी बोट घेताना सांगाड्याचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून बघा. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले होते, त्यामुळे सागरी पोलीस बिनकागदाच्या बोटीकडे हौस म्हणून बघत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

नवी घेणाऱ्यांनी कराचंही बघावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के झाला. मासेमारीच्या बोटीवर ५ टक्के. ‘मासेमारीची म्हणून दाखवू’ असं सुचवणारा भेटेलच. त्याला चहा पाजून वाटेला लावा. विम्याचा दावा करायची वेळ आली की ते कागद आपल्याच गळ्यात येतात.

११. खाडी आधी कोळ्यांची, मग आपली

खुंटांना बांधलेली डोल जाळी ओहोटी-भरतीच्या ओढीवर चालतात. पाण्यावर तरंगणारे बोये दिसले की लांबून वळायचं. पंख्यात जाळं अडकलं तर आपला रविवार जातो, त्यांचा महिना जातो. तांडेलकाकांनी पहिल्याच फेरीत जाळ्यांच्या जागा दाखवल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या. कुठल्याही ॲपमध्ये त्या नाहीत.

वाशी पुलापासून उत्तरेला ऐरोली पुलापर्यंत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला. तिकडे आपली बोट न्यायची नाही. फ्लेमिंगो बघायचे तर वन खात्याच्या फेऱ्या भरती बघून सुटतात. समोर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, पुढे जवाहर द्वीपावर तेलाची जहाजं. दोन्हींपासून लांब राहायचं. न्हावा-शेवाच्या वाटेवर कंटेनर जहाज दिसलं तर आपणच थांबायचं. ते थांबू शकत नाही.

हंगामाचं गणितही कोळ्यांकडूनच घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते आणि छोटी होडी नारळी पौर्णिमेपर्यंत वरच असते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारी माणसं ज्या दिवसांत होडी काढत नाहीत, त्या दिवसांत आपण काढण्यात शौर्य नाही.

१२. बोटीला गुण देऊ नका, आपल्या घराला द्या

आम्ही धाकटी घेतली. लाटेत थोरली सरस, सोयीत थोरली सरस, दिसायला तर प्रश्नच नाही. पण आमचं अंगण २१ फुटी, गाडी मध्यम, पाणी खाडीचं, आई सत्तरीपुढची आणि ओढायला मी व भाचा अशी दोनच माणसं. या पाच गोष्टी बदलता येण्यासारख्या नव्हत्या. धाकटी अंगणातून निघून तासाभरात पाण्यात असते, म्हणून ती निघते. थोरलीसाठी गाडी, जॅक, चार माणसं आणि उधाणाची भरती जमवावी लागली असती, आणि दुसऱ्या हंगामात ती ताडपत्रीखालीच राहिली असती.

थोरली पुढे रेवसकडच्या एका कुटुंबाने घेतली. फळी नवी बसवली, तळातला फोम बदलला. त्यांचं घर पाण्यालगत, बोट हंगामभर नांगरावरच असते, ट्रेलर वर्षातून दोनदा लागतो. दुपारच्या वाऱ्यात मांडव्याच्या बाजूला जायचं तर त्यांना तीच बोट हवी. आमची त्यांना फुकट दिली तरी त्यांनी घेऊ नये.

तेव्हा दोन बोटींत अडकला असाल तर आधी फीत, गाडीची पुस्तिका आणि कालनिर्णय घेऊन बसा. विकणाऱ्याला फोन त्यानंतर करा.